शुक्रवारच्या मॅचला ती कुठे असते?

अमेरिकेत शुक्रवारची संध्याकाळ शाळकरी मुलांसाठी राखून ठेवलेली आहे, आणि तीही कायद्याने. १९६१ साली तिथल्या काँग्रेसने खेळांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचा कायदा केला. व्यावसायिक फुटबॉल लीगला सगळ्या संघांचे प्रक्षेपण हक्क एकत्र विकायची मुभा त्यातून मिळाली, पण एक मेख मारून. सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत, शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर, शाळेची मॅच चालू असेल तिथून ७५ मैलांच्या आतल्या केंद्रावरून व्यावसायिक सामना दाखवला, तर ती मुभा गेली. लोक घरी टीव्हीसमोर बसले तर शाळेच्या मैदानावर तिकीट काढून कोण येणार, हा त्यामागचा साधा हिशेब. म्हणून आजही थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शुक्रवारचा लीगचा सामना दुपारी तीनला सुरू होतो. २०२४ मध्ये ब्राझीलमधला सामना शुक्रवारी रात्री ठेवता आला, कारण तो सप्टेंबरचा पहिला शुक्रवार होता.

सतरा वर्षांच्या पोरांसाठी एवढ्या बलाढ्य लीगला बाजूला उभं करणारी ही संध्याकाळ म्हणजे आहे तरी काय? छोट्या गावात ती जत्रेसारखी असते. दुकानं लवकर बंद होतात आणि मैदानावरचे दिवे दुरून दिसतात. त्या दिव्यांखाली अर्धं गाव बाकांवर आणि उरलेलं गाडी लावायला जागा शोधत असतं. या संध्याकाळीभोवती अमेरिकेत प्रेमकथांचं एक अख्खं दालन उभं राहिलं आहे: कादंबऱ्या, चित्रपट, मालिका, गाणी. तो संघाचा क्वार्टरबॅक. ती चीअरलीडर, किंवा कोचची मुलगी, किंवा पुस्तकात डोकं घालून बसणारी शेजारीण.

खेळाबद्दल दोन शब्द. हा अंडाकृती चेंडूचा, हेल्मेटचा, खांद्यांवर पॅड बांधून अंगावर धडकण्याचा फुटबॉल. अकरा जणांच्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर आणखी चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. असं करत शंभर यार्डांच्या मैदानाच्या टोकापार चेंडू नेला की टचडाउन, सहा गुण. चेंडू कुणाच्या हातात द्यायचा, कुठे फेकायचा, हे क्षणात ठरवतो तो क्वार्टरबॅक. देशभरात सुमारे दहा लाख मुलं शाळेच्या संघांतून हा खेळ खेळतात. प्रेमकथांना मात्र त्यातले क्वार्टरबॅकच तेवढे दिसतात.

या कथांचा साचा इतका पक्का झाला आहे की त्या लिहायला अमेरिकेत राहायचीही गरज उरलेली नाही. नेटफ्लिक्समुळे आपल्याकडच्या मुलांनीही पाहिलेली ‘द किसिंग बूथ’ ही वेल्समधल्या बेथ रीकल्सने पंधराव्या वर्षी वॉटपॅड या संकेतस्थळावर लिहायला घेतलेली गोष्ट. शाळा कॅलिफोर्नियातली, नायक फुटबॉल खेळणारा आणि तापट, आणि २०१८ च्या चित्रपटाचं बरंचसं चित्रीकरण दक्षिण आफ्रिकेत. तरी पाहणाऱ्याला सगळं अस्सल वाटतं, कारण अस्सल काय ते त्याने आधीच्या चित्रपटांतूनच ठरवलेलं असतं.

साचा म्हटला की नाक मुरडायची सवय असते. पण हा साचा टिकला त्याला कारणं आहेत, आणि ती खेळातच आहेत.

पहिलं म्हणजे हा खेळ थांबत थांबत चालतो. एक चाल चार-पाच सेकंदांत संपते, मग पुन्हा घोळका, पुन्हा मसलत, पुन्हा रांग. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१० मध्ये व्यावसायिक सामन्यांचा हिशेब मांडला तेव्हा तीन तासांत चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो सरासरी अकरा मिनिटं, असं निघालं. उरलेल्या वेळात कादंबरीकाराला रान मोकळं. त्याने बाकांकडे पाहायचं, तिने पाहिलं नाहीसं दाखवायचं, मैत्रिणीने कोपर मारायचं. त्यात चेहरा हेल्मेटमध्ये झाकलेला, त्यामुळे माणूस ओळखायचा तो पाठीवरच्या आकड्यावरून. साहजिकच तो आकडा मुलीच्या वहीवर, गालावर, शेवटी अंगातल्या जर्सीवर येतो. शुक्रवारी त्याची जर्सी घालून कोण शाळेत आली, यावरून अख्ख्या वर्गाला बातमी कळते.

दुसरं कारण मुदतीचं. टेक्सासमध्ये नेहमीच्या हंगामात एका संघाच्या दहा मॅच. पुढे बाद फेरीत टिकला तर डिसेंबरपर्यंत. बारावीचं वर्ष असेल तर हे दहा शुक्रवार शेवटचे. त्यानंतर कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली तर तो गाव सोडणार, नाही मिळाली तर इथेच कुठेतरी टायरच्या दुकानात लागणार. प्रेमकथेला लागते ती घाई इथे वेळापत्रकातच छापून येते.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: मैदान हा गावाचा नकाशा असतो. मध्ये खेळाडू. कडेला चीअरलीडर. एका कोपऱ्यात मार्चिंग बँड. वर बाकांवर पालक, दुकानदार, वीस वर्षांपूर्वी याच मैदानावर खेळलेले आणि अजून तेच सांगत फिरणारे काका. बाकांखालच्या अंधारात ज्यांना यातलं काहीच नको ती पोरं. कोण कुठे आहे त्यावरून त्याची गावातली पायरी कळते. त्यामुळे या कथा वाचताना एकच गोष्ट पाहत गेलं तरी पुरे: मॅच चालू असताना मुलगी नेमकी कुठे असते?

बराच काळ ती कडेला होती. गंमत म्हणजे ती कडाही सुरुवातीला पुरुषांची होती. १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या जॉनी कॅम्पबेलने प्रेक्षकांपुढे उभं राहून घोषणा द्यायला सुरुवात केली, तो पहिला चीअरलीडर मानला जातो. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले ड्वाइट आयझेनहॉवर लष्करी अकादमीत चीअरलीडर होते आणि धाकटे बुश शाळेत. मुली त्यात शिरल्या १९२० च्या दशकात, आणि पुढे ते काम त्यांचंच झालं.

त्या कडेवरच्या कामाचा सर्वांत बोलका नमुना एका सत्यकथेत सापडतो. फिलाडेल्फियातला पुलित्झर विजेता पत्रकार बझ बिसिंजर १९८८ मध्ये बायकापोरांसह पश्चिम टेक्सासमधल्या ओडेसा गावी राहायला गेला. तेलाच्या विहिरींवर जगणारं, तेलाचे भाव पडल्यावर रखडलेलं, लाखाच्या आतबाहेर वस्तीचं गाव. तिथल्या पर्मियन हायस्कूलचा संघ जिथे खेळायचा त्या स्टेडियममध्ये १९ हजारांच्या आसपास माणसं बसतात. बिसिंजरने त्या संघाच्या एका हंगामावर लिहिलेलं ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ १९९० मध्ये आलं. शाळेत मुलांच्या खेळांसाठीच्या वैद्यकीय साहित्यावर ६,७५० डॉलर आणि इंग्रजी विभागाच्या अध्यापन साहित्यावर ५,०४० डॉलर खर्च होतात, हे त्याने आकड्यांनिशी मांडलं. गावातल्या गोऱ्यांचा काळ्या खेळाडूंबद्दलचा तुच्छभाव त्याने लपवला नाही. गाव इतकं चिडलं की धमक्यांमुळे त्याला तिथला पुस्तकाचा दौरा रद्द करावा लागला.

त्याच पुस्तकात पेपेट्स भेटतात. या शाळेच्या वरच्या वर्गातल्या मुली. प्रत्येकीला एकेक खेळाडू नेमून दिलेला. दर आठवड्याला मॅचच्या आधी त्याच्यासाठी केक किंवा कुकीज करून न्यायच्या, त्याच्या अंगणात नावाचा फलक लावायचा, त्याचा उत्साह वाढवायचा. प्रेम असो नसो, नेमणूक पक्की. कुठल्याही कादंबरीकाराला सुचलं असतं तर संपादकाने ‘फार झालं’ म्हणून कापलं असतं. इथे ते शाळेच्या कारभाराचाच भाग होतं.

पेपेट्सची तऱ्हा ओडेसाची, पण होमकमिंग सगळीकडे आहे. शरद ऋतूतल्या एका मॅचला जुने विद्यार्थी शाळेत परत येतात, मध्यंतरात होमकमिंग राणीला मुकुट चढतो, नंतर नाच. टेक्सासने याला स्वतःची भर घातली ती शेवंतीची. मुलाने मुलीला छातीवर लावायला शेवंतीचं फूल द्यायचं, एवढीच मूळ रीत. आता फूल कापडी झालं आहे आणि त्याखाली जमिनीपर्यंत लोळणाऱ्या फिती, घुंगरासारख्या घंटा, छोटं अस्वल, चमकणारे दिवे, दोघांची नावं. कधी कधी फुलाचा भार पेलत नाही म्हणून ते गळ्यातून पट्ट्याने अडकवावं लागतं. खर्च काहीशे डॉलरवर जातो. मुलगी मुलाला तशीच, पण छोटी, दंडावर बांधायची आवृत्ती देते. कुणाचं केवढं, कुणाला मिळालंच नाही, आणि कुणी स्वतःच विकत घेऊन कुणी दिल्याचं सांगितलं, यावर टेक्सासच्या मुलींची निम्मी शाळा चालते. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्लेनो, ॲलन या उपनगरांत आयटीतल्या भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि तिच्यात मराठी घरंही आहेत. तिथल्या आईला गणपतीची आरास आणि मुलीच्या शेवंतीच्या फिती या दोन्हींचा हिशेब एकाच महिन्यात जुळवायची वेळ येऊ शकते.

याच पट्ट्यात खेळाच्या वेडाचे आकडेही पाहायला मिळतात. ॲलनने २०१२ मध्ये सहा कोटी डॉलर खर्चून १८ हजार आसनांचं स्टेडियम बांधलं, तेही एका हायस्कूलसाठी. दोन वर्षांतच काँक्रीटला भेगा पडून ते बंद ठेवावं लागलं आणि २०१५ मध्ये पुन्हा उघडलं. फ्रिस्कोची शाळकरी मुलं तर डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघाच्या सरावाच्या बंदिस्त स्टेडियममध्ये खेळतात.

बिसिंजरच्या पुस्तकावरून त्याच नावाने २००४ मध्ये चित्रपट निघाला आणि २००६ मध्ये मालिका. मालिकेने ओडेसा सोडून डिलन नावाचं काल्पनिक गाव घेतलं, ऑस्टिनच्या आसपास चित्रीकरण केलं आणि पाच पर्वांच्या ७६ भागांत या सगळ्या साच्याची उलटतपासणी केली. पहिल्याच भागात लाडका क्वार्टरबॅक जेसन स्ट्रीट मानेला मार लागून कायमचा व्हीलचेअरवर जातो. त्याची जागा घेतो मॅट सॅरासन: बुजरा, बोलताना अडखळणारा, वडील इराकमध्ये सैन्यात, घरी विसराळू होत चाललेली आजी. त्याचा जीव जडतो कोच टेलरच्या मुलीवर, ज्युलीवर. तिला फुटबॉल नको आहे. घरात जेवणापासून झोपेपर्यंत तोच विषय ऐकून ती विटली आहे. मॅट आवडतो तो मैदानाबाहेरचा. आजीचं औषध सांभाळणारा मुलगा नायक म्हणून उभा करणं हे या प्रकारात तोवर फारसं कुणाला सुचलेलं नव्हतं.

तरीही मालिकेतली सर्वांत चांगली प्रेमकथा त्या पोरांची नाही. ती कोच एरिक आणि त्याची बायको टॅमी यांची आहे. काइल चँडलर आणि कॉनी ब्रिटन यांनी ती अशी रंगवली की भांडणसुद्धा पाहत राहावंसं वाटतं. टॅमी आधी शाळेत समुपदेशक, पुढे मुख्याध्यापिका. शेवटी तिला फिलाडेल्फियातल्या कॉलेजात मोठी जागा देऊ केली जाते आणि प्रश्न पडतो: इतकी वर्षं नवऱ्याच्या नोकरीमागे गावं बदलली, आता नवरा बदलेल का? टेक्सासचा फुटबॉल कोच, ज्याच्यासमोर नवा करार ठेवलेला आहे, तो उठून बायकोमागे जातो. चँडलरला २०११ चा एमी पुरस्कार मिळाला तो याच पर्वासाठी. शेवटच्या दोन पर्वांत गावाच्या गरीब भागातली शाळा येते. तिथली जेस संघाचं सामानसुमान सांभाळायचं काम मागून घेते, कारण तिला पुढे कोच व्हायचं आहे. प्रियकर क्वार्टरबॅक आहे, पण ती मैदानाकडे पाहते तेव्हा चाल कुठे चुकली ते पाहते.

पडद्यावरच्या इतर कथांत मुलीला एवढी जागा नव्हती. १९८३ च्या ‘ऑल द राइट मूव्ह्ज’मध्ये टॉम क्रूझ पेनसिल्व्हेनियातल्या पोलाद गिरणीच्या गावातला खेळाडू आहे. गिरणीतून सुटायचं तर शिष्यवृत्ती हवी. त्याची मैत्रीण सॅक्सोफोन वाजवते, तिलाही संगीत शिकायचं आहे, पण गावाबाहेर जायचं तिकीट फक्त फुटबॉलच्या खिडकीवर मिळतं. चित्रपट हे तिच्या तोंडून सांगतो आणि पुन्हा टॉम क्रूझकडे वळतो. २००९ चा टेलर स्विफ्टचा ‘यू बिलाँग विथ मी’चा व्हिडिओ आठवा: फुटबॉलपटू शेजारी, त्याची चीअरलीडर मैत्रीण, आणि बँडच्या गणवेशात बाकांवर बसून त्याच्याकडे पाहणारी चष्मेवाली मुलगी. दोन्ही मुली स्विफ्टनेच केल्या होत्या. २०२५ मध्ये तिने कॅन्सस सिटी चीफ्स या व्यावसायिक फुटबॉल संघाच्या ट्रॅव्हिस केल्सीशी साखरपुडा जाहीर केला तेव्हा चाहत्यांना तो व्हिडिओ न आठवता तरच नवल.

पुस्तकांमध्ये हा साचा जरा आधीच वाकू लागला. किशोरवयीनांसाठीच्या अमेरिकी प्रेमकथांचा आरंभ मॉरीन डेलीच्या १९४२ च्या ‘सेव्हन्टीन्थ समर’पासून धरतात. तिथला मुलगाही शाळेचा खेळाडू, पण बास्केटबॉलचा. १९८३ मध्ये ख्रिस क्रचरच्या ‘रनिंग लूज’मध्ये आयडाहोतला एक मुलगा कोचविरुद्ध उभा राहतो, कारण कोचने समोरच्या काळ्या खेळाडूला जायबंदी करायला सांगितलेलं असतं. प्रेम त्यातही आहे आणि त्याचा शेवट कडू आहे.

२००६ मध्ये, कॅथरीन गिल्बर्ट मर्डॉकच्या ‘डेअरी क्वीन’मध्ये तर मुलगी खुद्द मैदानात उतरली. विस्कॉन्सिनमधली पंधरा वर्षांची डी. जे. श्वेंक वडिलांचं दुखणं निघाल्यावर एकटीने गोठा सांभाळते. पहाटे धारा, दुपारी गवत. तिचे भाऊ गावचे फुटबॉल हिरो होते, त्यामुळे खेळ तिला आतून माहीत. अशात शेजारच्या प्रतिस्पर्धी शाळेचा लाडावलेला क्वार्टरबॅक ब्रायन शेतावर काम करायला पाठवला जातो आणि त्याला घडवायचं काम तिच्याकडे येतं. सांगितलं ते मुकाट करत राहतेस, गायीसारखी, असं तो तिला सुनावतो. ते बोलणं तिला इतकं लागतं की ती स्वतःच्या शाळेच्या संघात भरती व्हायला जाते. म्हणजे ज्याला शिकवलं, ज्याच्यावर जीव जडला, त्याच्याच समोर आता मैदानात उभं राहायचं. शेणाचा वास आणि पहिल्या प्रेमाची धडधड एकाच पानावर असलेली ही कादंबरी या सगळ्या दालनात उजवी आहे. तिच्यातला बाप आणि त्याचं अबोल घर आपल्याकडच्या कोणत्याही शेतकरी कुटुंबात शोभेल.

पुढे रांग लागली. मिरांडा केनीलीच्या २०११ च्या ‘कॅचिंग जॉर्डन’मध्ये टेनेसीतल्या संघाची क्वार्टरबॅक आणि कर्णधार मुलगीच आहे, तिची पंचाईत अशी की नव्याने आलेला देखणा मुलगाही क्वार्टरबॅकच निघतो. डालिया ॲडलरच्या २०२२ च्या ‘होम फील्ड ॲडव्हांटेज’मध्ये क्वार्टरबॅक मुलगी, चीअरलीडरही मुलगी, आणि प्रेम त्या दोघींचं. साचा तसाच आहे, फक्त त्यातली माणसं बदलली.

या कथा एका बाबतीत मात्र अजून नजर चुकवतात. गुडघा, खांदा, बरगडी यांना त्या मनसोक्त दुखवतात. इस्पितळाच्या खाटेशेजारी प्रेम कबूल करायची सोय होते. मेंदूला बसणाऱ्या धक्क्यांबद्दल त्या सहसा गप्प असतात. प्रत्यक्षात २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने कायदा केला की डोक्याला मार लागल्याचा संशय असलेल्या मुलाला लगेच बाहेर काढायचं आणि डॉक्टरी परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही. २०१४ पर्यंत सगळ्या राज्यांनी या धर्तीचे कायदे केले. डोक्याला मार लागूनही शेवटच्या मिनिटाला परत येऊन टचडाउन करणारा नायक या कायद्यापुढे बेकायदेशीर ठरतो. नव्या लेखकांना हा पेच सोडवावा लागेल.

मैदानात उतरणारी मुलगीही आता केवळ कादंबरीतली राहिलेली नाही. टेक्सासमधल्या स्ट्रॉनसारख्या हजाराहून कमी वस्तीच्या गावात अकरा पोरं जमत नाहीत, म्हणून तिथे सहा जणांचा फुटबॉल चालतो; १९३४ मध्ये नेब्रास्कात निघालेला प्रकार. २०१७ मध्ये स्ट्रॉनच्या संघातून एका मुलीने राज्याच्या अंतिम सामन्यात किक मारून गुण मिळवले. अंगावर न धडकता कमरेची फीत ओढून प्रतिस्पर्ध्याला थांबवायचा फ्लॅग फुटबॉल तर शाळकरी मुलींमध्ये झपाट्याने वाढतो आहे. २०२३-२४ मध्ये शाळेच्या संघांतून खेळणाऱ्या मुलींची संख्या ४० हजारांच्या वर गेली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो खेळ असेल. तो निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑलिंपिक समितीच्या आपल्या मुंबईत भरलेल्या अधिवेशनात झाला, त्याच मतदानात क्रिकेटही आत आलं, आणि आपल्या वर्तमानपत्रांनी साहजिकच क्रिकेटचीच बातमी मोठी केली.

कुणाला या दालनात शिरायचं असेल तर ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ मालिकेपासून सुरुवात करावी. दुसऱ्या पर्वात एक खुनाचं उपकथानक आहे, ते कळ सोसून पार करावं. पुढे गाडी रुळावर येते. ‘डेअरी क्वीन’ त्यानंतर. आणि घरात नववी-दहावीतली मुलगी असेल तर पुस्तक तिच्या हाती पडण्याआधी आपलं वाचून घ्यावं, कारण ते लवकर परत मिळायचं नाही.